दार उघडावे की नाही?

मराठीत भयकथा म्हटली की वाचकाच्या डोळ्यांपुढे वाडा येतो. चिरेबंदी जोते, कुलूप घातलेली माडी, तळघराकडे जाणारा जिना आणि कंदील हातात घेऊन तो जिना उतरणारा कोणी उतावळा पाहुणा. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना अशा वास्तूंतून फिरवून आणले. धारपांनी विज्ञानकथाही पुष्कळ लिहिल्या, पण वाचकाने त्यांना मनात जागा दिली ती अंधाऱ्या घरांचे मालक म्हणूनच. उलट डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी माणसाला अंतराळात नेले, परंतु ते त्याला घाबरविण्यासाठी नव्हे. 'कृष्णविवर' ही त्यांची पहिली कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने गेली होती. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले, तोवर दूरच्या ताऱ्यांविषयी मराठीत घरगुती आपलेपणाने बोलता येते याची आपल्याला सवय झालेली होती. (जाता जाता एक नोंद. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३ वे अध्यक्ष आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ९४ वे अध्यक्ष नारळीकर. धर्मगुरू आणि विज्ञानकथाकार असे एकापाठोपाठ त्या आसनावर बसलेले पाहून आम्हांला फार बरे वाटले होते.)

भय आणि अंतराळ यांची सांगड घालणारी कादंबरी मात्र आपल्याकडे मुख्यतः इंग्रजीतून आली, तीही बव्हंशी चित्रपटाचे बोट धरून. सुशिक्षित माणसे तिला वाङ्मयात गणत नाहीत आणि धर्मगुरूने तर तिच्या वाटेस जाऊच नये, असा संकेत आहे. आम्ही तो मोडला, त्याला कारण घडले.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण भिवंडीच्या एका गोदामात रात्रपाळी करतो. अंजूरफाट्यापासून मानकोलीपर्यंत पसरलेली ही गोदामे वाचकांनी रस्त्याने जाताना पाहिली असतील. जिथे भाताची खाचरे होती तिथे आता पत्र्याची छपरे आहेत, आणि अर्ध्या महाराष्ट्राच्या घरी पोचणारे सामान तिथून निघते. हा मुलगा पहाटेच्या निवांत वेळी मोबाइलवर कादंबऱ्या वाचतो. त्याची आई एका रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, हा रात्री-अपरात्री त्या राक्षसांचं वाचत बसतो. जेवणावर लक्ष नाही. तुम्हीच त्याला चार शब्द सांगा." मुलाला बोलावले. तो नम्रपणे बसला, सगळे ऐकून घेतले आणि मग त्यानेच आम्हांला विचारले, "फादर, ती बाई बरोबर होती की चूक, एवढंच सांगा. मग मी वाचायचं बंद करतो."

ती बाई म्हणजे रिप्ले. १९७९ साली 'एलियन' नावाचा चित्रपट आला. त्याच वर्षी ॲलन डीन फॉस्टर यांनी त्या पटकथेवरून कादंबरी लिहिली, आणि मुलाने वाचली होती ती तीच. प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्हांला ती वाचणे भाग पडले. सात जणांचे एक मालवाहू यान खनिजाचा प्रचंड साठा ओढीत पृथ्वीकडे परतत असते. यानाचे नाव 'नोस्ट्रोमो', जोसेफ कॉनरॅडच्या १९०४ सालच्या कादंबरीवरून घेतलेले. वाटेत एका निर्जन गोलावरून संदेश येतो, म्हणून तिघे जण तिथे उतरतात. त्यांतल्या केन नावाच्या गड्याच्या चेहऱ्याला एक अनोळखी जीव घट्ट चिकटतो. कप्तान डॅलस त्याला उचलून यानाच्या दाराशी आणतो आणि दार उघडायला सांगतो. आत त्या घडीला अधिकार रिप्लेकडे आहे. नियम असा, की बाहेरचा संसर्ग घेऊन आलेल्यास चोवीस तास वेगळे ठेवायचे. ती दार उघडण्यास नकार देते. डॅलस हुकूम देतो, विनवतो, तरी ती हटत नाही. शेवटी ॲश नावाचा शास्त्रज्ञ तिला न विचारता कळ दाबतो आणि दार उघडते. पुढे काय होते ते पुस्तक न वाचलेल्यांनाही साधारण ठाऊक असते. सातांपैकी एकटी रिप्ले आणि एक मांजर एवढीच वाचतात.

वाड्याचे भय आणि यानाचे भय यांत एक मोठा फरक आहे. वाड्यातून धावत बाहेर पडले की गाव लागतो, देऊळ लागते, कोणाची तरी ओटी लागते. यानाच्या बाहेर काहीच नाही. म्हणून तिथे दार हीच एक नैतिक वस्तू होऊन बसते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, या निर्णयावर सगळ्यांचे प्राण टांगलेले असतात. भयाचा बाजार मांडणाऱ्या लेखकाने नकळत नीतिशास्त्राचा एक अवघड धडा लिहून ठेवला आहे, असे आमचे मत झाले.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकविताना सांगत, की माणसाच्या कृत्याचा न्याय तीन गोष्टी पाहून करावा. कृती कोणती, हेतू कोणता आणि परिस्थिती कोणती. या दाराशी तिन्हींची विलक्षण गुंतागुंत झाली आहे. डॅलसला दार उघडायला हवे आहे, कारण मित्र मरतो आहे. रिप्लेला ते बंद हवे आहे, कारण आतल्यांचा जीव तिच्या हवाली आहे. ॲश ते उघडतो, आणि पहिल्या वाचनात वाटते की या शुष्क माणसालाही पाझर फुटला. पुढे कळते की तो माणूसच नव्हे. तो कंपनीने बसविलेला यंत्रमानव आहे, आणि तो जीव नमुना म्हणून घरी आणावा, त्यासाठी खलाशी गमावले तरी चालतील, असा त्याला आदेश आहे. म्हणजे जी कृती बाहेरून दयेची दिसली तिच्या पोटात क्रौर्य होते, आणि जी क्रूर दिसली तिच्या पोटात जबाबदारी. डॅलस आणि ॲश यांची मागणी एकच, पण एकाने ती प्रेमापोटी केली आणि दुसऱ्याने हिशेबापोटी.

मग रिप्ले बरोबर होती का? संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाविषयी लिहिताना जो विचार मांडला, त्यातून पुढे दुहेरी परिणामाचा सिद्धांत वाढला. एका कृतीतून बरा आणि वाईट असे दोन परिणाम निघत असतील, तर वाईट परिणाम हे आपले साध्य असू नये, तसेच ते साधनही असू नये, आणि बऱ्या परिणामाचे वजन पुरेसे असावे. रिप्लेला केनचा मृत्यू नको आहे. त्याच्या मृत्यूमुळे कोणी वाचणार आहे असेही नाही. वाचवते ती वाट पाहणे. या कसोटीवर ती उतरते. पण "ती बरोबर होती" एवढ्यावर थांबायला आमचे मन तयार झाले नाही, कारण हेच वाक्य दार लावून घेणारा प्रत्येक जण म्हणत असतो.

ही गोष्ट आपल्याला कादंबरीतून शिकायची गरज नव्हती. २०२० च्या मार्च ते मे या काळात ती आपण सर्वांनी पाहिली. भिवंडीतले यंत्रमाग थांबले आणि माग चालविणारी माणसे मुंबई–नाशिक महामार्गाने डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालू लागली. मुंबईहून कोकणात आणि घाटावर गेलेल्या चाकरमान्यांना काही गावांनी वेशीवर झाडे आडवी टाकून अडविले. काही गावांनीही अडविलेच, पण शाळेची खोली झाडून दिली, चौदा दिवस तिथे राहा म्हणाले, आणि दोन वेळचा डबा पायरीवर आणून ठेवला. दार दोन्हीकडे बंदच होते. भय दोन्हीकडे खरे होते आणि रोगही खोटा नव्हता. तरी या दोन बंद दारांत जो फरक आहे, त्यात आम्हांला मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर सापडले. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या तीन वीरांनाही एकवीस दिवस वेगळे ठेवले होते, चंद्रावरचा एखादा जंतू सोबत आला असेल या भीतीने. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांना जहाजावर भेटायला गेले आणि बंद खिडकीच्या काचेतून त्यांच्याशी बोलले. विलगीकरणाला मुदत असते, त्यात बाहेरच्याशी बोलणे चालू असते, आणि तो नियम दार लावणाऱ्यालाही लागू असतो. यांतले काहीच नसेल तर त्याला टाकून देणे म्हणावे. त्याच वर्षी आमच्या शहरात शांतीनगर भागातल्या एका मशिदीत प्राणवायूची सोय असलेले उपचार केंद्र उघडले गेले. संसर्गाच्या ऐन भरात ज्यांनी ते दार उघडले त्यांना भय वाटले नसेल असे आम्ही मानत नाही.

हे आम्ही त्या मुलाला सांगितले. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "पण फादर, आमच्याकडे दार बाहेरून लावतात."

आम्हांला प्रथम कळेना. मग त्याने सांगितले. चोऱ्या होतात म्हणून रात्री शटरला बाहेरून कुलूप असते, आणि आत तीस-चाळीस माणसे खोकी लावीत असतात. गोदामांना आगी लागल्याच्या बातम्या भिवंडीकरांना नव्या नाहीत. तेव्हा आमच्या ध्यानात आले, की हा मुलगा ती कादंबरी राक्षसासाठी वाचतच नव्हता. त्याला त्यातली कंपनी ओळखीची वाटली होती. पुस्तकातला जीव भयानक आहे खरा, पण तो भुकेला प्राणी आहे. भुकेल्या प्राण्यावर पापाचा आरोप करता येत नाही. पाप आहे ते कोठे तरी दूर बसून, माल महत्त्वाचा आणि माणसे गेली तरी चालतील, असे कागदावर लिहिणाऱ्याचे. त्याचा चेहरा कादंबरीत शेवटपर्यंत दिसत नाही, आणि आमच्या मते त्या पुस्तकातले सर्वांत खरे भय तेच आहे. आम्ही त्या गोदामाच्या मालकांस भेटलो. त्यांनी चहा दिला, चोऱ्यांचा हिशेब सांगितला आणि एक किल्ली आत ठेवण्याचे कबूल केले. किल्ली आत असते, पर्यवेक्षकाच्या खिशात. पर्यवेक्षक रात्री बाराला घरी जातो. आमच्या खेपा चालू आहेत.

दार लावून घेणाऱ्यांविषयी इतके लिहिल्यावर, दार उघडून बाहेर पडणाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. आमच्यासारख्यांसाठी तो भाग अधिक बोचरा आहे. मेरी डोरिया रसेल या अमेरिकन लेखिकेची 'द स्पॅरो' ही कादंबरी १९९६ साली प्रसिद्ध झाली. लेखिका मूळची मानववंशशास्त्राची अभ्यासक. या कादंबरीत दूरच्या एका ग्रहावरून गाणी ऐकू येतात. सरकारे चर्चा करीत बसतात तोवर येशूसंघ आपले यान पाठवूनही देतो. आठ जण जातात, चार येशूसंघीय आणि चार इतर. सगळी सद्भावनेची, विद्वान, विनोदी माणसे. ती तिथल्या सालस लोकांत राहतात आणि त्यांना दाखवितात की बाग कशी लावावी. बस्स, एवढेच. अन्न वाढते, मुले अधिक होतात. मग कळते की त्या ग्रहावर दोन जाती आहेत आणि एक दुसरीला पाळून खाते. किती मुले व्हावीत याचा तिथे कडक हिशेब असतो. सैनिक येतात आणि वाढलेली मुले मारतात. आठांपैकी एकटे फादर एमिलिओ सँडोझ परततात, हात छिन्न झालेले आणि अंतःकरण त्याहून. ज्या गाण्याने त्यांना बोलाविले त्यात काय गायिले जात होते, हे त्यांना फार उशिरा समजते.

अशी कथा वाचून कथोलिक वाचक दुखावतो. आम्हीही दुखावलो. पण या किनाऱ्यावरच्या माणसाने ती नीट वाचावी, कारण तो कथेच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. एके काळी आपणच तो ग्रह होतो. वसईच्या आणि गोव्याच्या माणसांना क्षितिजावर जी शिडे दिसली, त्यांत क्रूसही होता आणि तोफाही होत्या. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले. त्याच गोव्यात १५७९ साली इंग्लंडचे थॉमस स्टीफन्स उतरले आणि इथल्या लोकांची भाषा शिकत राहिले. 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले ते १६१६ साली. म्हणजे ऐकण्यात, बोलण्यात आणि लिहिण्यात जवळजवळ चार दशके गेली. आलेली दोन्ही माणसे परकीच होती, पण एकाने आधी प्रश्न विचारून शिक्षा केली आणि दुसऱ्याने आधी ओवी शिकून घेतली. बाग लावण्यापूर्वी त्या मातीत काय पेरलेले आहे हे विचारणे, एवढे जरी सँडोझच्या सोबत्यांना जमले असते! अर्थात, त्यांना चार दशके कोण देणार होते?

अलीकडे या कादंबऱ्यांत एक निराळा सिद्धांत बोकाळला आहे. लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या २००८ सालच्या कादंबरीत तो आला. विश्व हे काळोखे जंगल आहे. प्रत्येक झाडाआड बंदूक घेतलेला एक शिकारी श्वास रोखून उभा आहे. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे कळायला मार्ग नाही, आणि आपल्या मनात काय आहे हे त्याला पटवायलाही नाही. तेव्हा जो आधी दिसेल त्याच्यावर आधी गोळी झाडावी, हेच शहाणपण. आमच्या मुलाला हा सिद्धांत बिनतोड वाटला. तर्क म्हणून आम्हांलाही त्यात फट दिसेना. फक्त तो आम्ही पूर्वी ऐकलेला होता.

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात गेले. वरून देश कसा दिसतो या पंतप्रधानांच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आपल्या पिढीला पाठ आहे. पुढच्याच महिन्यात भिवंडी पेटली. १९७० मध्ये ती एकदा पेटून विझली होतीच. तो काळ पाहिलेली हिंदू आणि मुसलमान माणसे आम्हांला भेटतात, आणि दोघेही शब्दाला शब्द तेच सांगतात. "ते येणार आहेत असं कळलं होतं. आम्ही आधी निघालो नसतो तर मेलो असतो." गल्लीची रुंदी आठ-दहा फूट. तेवढ्या अंतरात काळोखे जंगल मावले होते.

पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून भिवंडीत मोहल्ला समित्या उभारल्या. त्यात अद्भुत काही नव्हते. त्या त्या वस्तीतले दोन्ही समाजांचे सामान्य लोक, यंत्रमागवाले, दुकानदार, शिक्षक, आणि त्या भागाचा पोलीस यांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसायचे. गटाराचे बोलायचे, नळाचे बोलायचे, भांडणाचे बोलायचे. एखादी अफवा उठली की तिच्या मालकाचा शोध घ्यायचा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडीत दंगल झाली नाही. खोपड्यांनी पुढे पुस्तक लिहिले त्याचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. काळोख्या जंगलाचा सिद्धांत तर्काने खोडता येत नाही, हे आम्ही मान्य करतो. तो गृहीत धरतो एवढेच, की झाडांच्या मध्ये बसायला जागा नाही. या शहरात ती जागा सतरंजी टाकून केली गेली.

मुलगा हुशार आहे. तो म्हणाला, "फादर, सतरंजीवर जो येऊन बसतो त्याच्याशीच बोलता येतं. ज्याला बोलायचंच नाही, त्याचं काय? त्या ग्रहावरचे खाणारे लोक सतरंजीवर येऊन बसलेच होते की. गाणी म्हणत." याला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला तिथे सुचला, पण त्या कथेत जखमी माणूस रस्त्यावर स्वस्थ पडलेला आहे. तो उठून चावत नाही. सावध राहावे, मुदत घालावी, काच लावावी, पण काचेपलीकडून बोलावे, असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "म्हणजे रिप्ले." आम्ही म्हणालो, "रिप्ले, पण डबा घेऊन."

मग आम्ही त्याला केसरबाईंची हकीगत सांगितली. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर. त्यांनी गायिलेली भैरवी 'जात कहाँ हो' अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घातली. एकट्याच निघालेल्या स्त्रीला, कुठे चाललीस, असे विचारणारी ती चीज आहे. त्या तबकडीवर पंचावन्न भाषांतून पृथ्वीचा नमस्कार आहे आणि त्यांत मराठी आहे. व्हॉयेजर-१ निघाले ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ते यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. आज ते सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे, आणि त्याची वीज संपत आल्यामुळे त्यावरची उपकरणे एकेक करून बंद करावी लागत आहेत. तबकडीसोबत ती वाजविण्याची सुई दिलेली आहे, आणि वेष्टनावर आपल्या सूर्याचा पत्ता कोरलेला आहे. स्पंदन करणाऱ्या चौदा ताऱ्यांपासून तो कोठे आहे, हे दाखविणारा नकाशा. स्टीफन हॉकिंग यांनी २०१० साली बजावले होते, की परक्यांना हाका मारणे बरे नव्हे, कोलंबस उतरला ते तिथल्या मूळच्या लोकांना सुखाचे झाले नाही.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पत्ता द्यायला नको होता, फादर."

"आणि गाणे?"

"कोणत्या तरी ताऱ्यापाशी पोचायला किती वर्षं लागतील त्याला?"

चाळीस हजार, आम्ही सांगितले, आणि तेही दीड-दोन प्रकाशवर्षे दुरून.

"मग गाणं असू दे," तो म्हणाला, आणि घड्याळ पाहून उठला. त्याची पाळी आठाला सुरू होते.